मदत हवी आहे: मायग्रेनच्या नोंदी, फोनमधला हेल्थ डेटा आणि हवेचा दाब पायथनमध्ये एकत्र कसा बघू?

रानजाई

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुठे अडलंय ते कळणार नाही.

मला कॉलेजपासून मायग्रेन आहे. पुण्यात राहते, नोकरी अकाउंट्समधली, पायथन कामापुरतं येतं, म्हणजे एक्सेलच्या फायली पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी) घ्यायच्या, जोडायच्या, ग्रुपबाय करायचं (गटागटाने बेरजा) एवढंच. गेली दोनेक वर्षं डोकं दुखायला लागलं की मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकते, कारण त्या वेळी कुठलं ॲप उघडून रकाने भरणं शक्यच नसतं, स्क्रीनकडे बघवत नाही. मेसेज असे असतात: "डावीकडून सुरू, मळमळ, १ गोळी", "परत ठणका, उजेड नको", "उलटी झाली, आता बरं". पुढच्या आठवड्यात न्यूरोलॉजिस्टकडे जायचंय. ते दर वेळी विचारतात महिन्यातून किती वेळा होतं, कशाने होतं असं वाटतं, आणि तेव्हा आठवून आठवून सांगण्यापेक्षा या वेळी नीट आकडे घेऊन जायचंय, म्हणून हा खटाटोप.

आतापर्यंत केलेलं असं. चॅट एक्स्पोर्ट करून टेक्स्ट फाइल मिळाली. आयफोनच्या हेल्थमधून सगळा डेटा एक्स्पोर्ट केला, घड्याळही वापरते त्यामुळे पावलं, झोप, हृदयाचे ठोके सगळं त्यात आहे. ओपन-मेटिओवरून पुण्याचा तासातासाचा हवेचा दाब उतरवला (हवामानाचा डेटा देणारी साइट, एपीआय की म्हणजे पासवर्डसारखा कोड लागत नाही, फुकट आहे, टाइमझोन एशिया/कोलकाता दिलाय), कारण आभाळ आलं की माझं डोकं धरतं असं मला कायम वाटत आलंय.

आता अडलंय ते:

चॅटच्या निम्म्याहून जास्त ओळींवर माझा रेजेक्स (मजकुरातला ठरावीक नमुना शोधणारं सूत्र) चालतच नाही, डोळ्यांना सगळ्या ओळी अगदी सारख्या दिसतात, चौकटी कंसात तारीख, वेळ, पीएम, मग नाव. तासभर बघत बसले, काही फरक दिसेना.

कुठला त्रास किती वेळा ते बघायला शब्द मोजले तर डोकंचं "ड" आणि "क" असं वेगवेगळं येतंय, गोळीचं "ग" आणि "ळ". मळमळ तेवढं अख्खं येतं!

हेल्थची एक्सएमएल फाइल उघडली की लॅपटॉप बसतो, रॅम ८ जीबी आहे. एका मैत्रिणीने तिच्या मशीनवर उघडून पावलांची बेरीज काढून दिली तर ती ॲपमध्ये दिसते त्यापेक्षा बरीच जास्त येते.

आणि दाबाचा ग्राफ. माझी दुखणी बहुतेक दुपारी तीन-चारनंतर सुरू होतात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याआधीचे पाच-सहा तास दाब उतरत गेलेला दिसतोय. मला तर वाटलं सापडलं कारण, पण डॉक्टरांना दाखवायच्या आधी कुणीतरी डोळ्यांखालून घातलेलं बरं. प्लीज सांगा.

खटपट्या

रानजाई, मेसेजमध्ये लिहून ठेवलंत हे फार चांगलं केलंत, दुखत असतानाची नोंद नंतरच्या आठवणीपेक्षा कधीही भरवशाची.

ओळींचं आधी सांगतो. पीएमच्या आधी जी जागा दिसते ती साधी स्पेस नसून नॅरो नो-ब्रेक स्पेस असते, युनिकोडमधला क्रमांक २०२एफ. दिसायला काडीचा फरक नाही, पण रेजेक्समध्ये तुम्ही साधी स्पेस टाइप केली असेल तर जुळत नाही. फाइल वाचल्या वाचल्या २०२एफच्या जागी साधी स्पेस घाला, आणि २००ई नावाचं एक अदृश्य दिशाचिन्हही काही ओळींच्या सुरुवातीला असतं ते काढून टाका. एखादा मेसेज दोन-तीन ओळींचा असेल तर पुढच्या ओळींना तारीख नसते, त्या आधीच्या मेसेजला जोडायच्या. आणि तारखेचा फॉरमॅट पांडाजला स्वतः लिहून द्या, त्याच्या अंदाजावर सोडू नका, नाहीतर ५ मार्चचं ३ मे होतं आणि एररही येत नाही.

शब्द तुटण्याचं कारण असं की पायथनच्या रे मॉड्यूलमधलं (रेजेक्स चालवतं ते) बॅकस्लॅश डब्ल्यू फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर धरतं, आणि युनिकोडच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, त्यांचा वेगळा चिन्हांचा वर्ग आहे. म्हणून प्रत्येक मात्रेपाशी शब्द फुटतो. मळमळमध्ये काना-मात्रा काहीच नाही म्हणून ते वाचलं. रेजेक्स याच नावाचं एक वेगळं पॅकेज आहे, ते पिपने (पायथनची पॅकेजं टाकायची कमांड) टाका, त्यातलं बॅकस्लॅश डब्ल्यू चिन्हांनाही शब्दाचाच भाग मानतं. अजून एक, "ॲसिडिटी" कधी एकाच कॅरेक्टरच्या ॲने टाइप झालेलं असतं तर कधी अ वर चंद्र देऊन, दिसतं सारखं पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द, आणि युनिकोड नॉर्मलाइज (सारखी दिसणारी रूपं एक करणं) करूनही एक होत नाहीत, हाताने रिप्लेस करावं लागतं.

पण खरं सांगू का, तुम्हाला शब्द मोजायची गरजच नाही. "गोळ", "मळमळ", "उलट", "उजेड" असे तुकडे नुसते मजकुरात आहेत का बघा, म्हणजे गोळी, गोळ्या, गोळीने सगळं एकाच जाळ्यात येतं. गोळ्यांचा आकडा मराठी अंकात लिहिला असला तरी पायथनचं इंट फंक्शन तो बरोबर वाचतं. आणि मग सगळे मेसेज एकदा डोळ्यांनी वाचाच, कारण "गोळी नाही घेतली" यातही गोळी आहे. दोन वर्षांचे मेसेज म्हणजे एका संध्याकाळचं काम.

एक्सएमएल: अख्खी फाइल एकदम पार्स करू नका. पायथनच्या एलिमेंट-ट्रीमधलं इटरपार्स वापरा, ते फाइल तुकड्यातुकड्याने वाचतं, एकेक रेकॉर्ड घ्या, हवं ते एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस) टाका आणि लगेच तो एलिमेंट क्लिअर करा, ८ जीबीत आरामात होतं. आणि पावलं जास्त येतात कारण त्या फाइलमध्ये फोनने मोजलेली आणि घड्याळाने मोजलेली अशी दोन्हीकडची कच्ची रेकॉर्ड्स असतात, ॲप दाखवताना त्यातला ओव्हरलॅप काढून टाकतं. प्रत्येक रेकॉर्डवर सोर्सचं नाव असतं, तुम्ही एकच सोर्स धरा, घड्याळाचा.

ओवा

दाबाच्या ग्राफबद्दल फक्त. मी हवामानशास्त्र शिकलेय म्हणून राहवत नाही.

रानजाई, तुमचं डोकं दुखलं नाही अशा दिवसांचाही ग्राफ काढून बघा. तोही दुपारी असाच उतरलेला दिसेल. आपल्याकडे, म्हणजे उष्ण कटिबंधात, हवेचा दाब रोज दोनदा वर आणि दोनदा खाली जातो, साधारण सकाळी १० आणि रात्री १०च्या सुमारास जास्त, पहाटे ४ आणि दुपारी ४च्या सुमारास कमी. सूर्याच्या उष्णतेने अख्ख्या वातावरणात उठणारी ही भरती-ओहोटी आहे, पाऊस असो नसो ती चालूच असते. तुमचं दुखणं दुपारी चारला सुरू होत असेल तर त्याआधीच्या पाच-सहा तासांत दाब उतरणारच, तुमच्याकडे काय आणि शेजारच्या घरात काय.

यावर उपाय म्हणजे आजच्या ४ वाजताचा दाब कालच्या ४ वाजताच्या दाबाशी लावून बघायचा, रोजची लाट आपोआप कटते. मग दुखण्याचा प्रत्येक दिवस त्याच महिन्यातल्या त्याच वाराच्या बाकीच्या दिवसांशी ताडून बघा, म्हणजे ऋतूचा फरक आणि ऑफिसच्या दिवसाचा फरक दोन्ही बाजूला राहतात. सगळं वर्ष एकत्र ओतलं तर पावसाळ्यात दाब मुळातच कमी, त्यात घोळ होणार.

अजून एक बघा, तुम्ही सरफेस प्रेशर (त्या जागेवरचा प्रत्यक्ष दाब) घेतलंय की समुद्रसपाटीला आणलेला दाब? पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, तिथला प्रत्यक्ष दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. गणपतीला कोकणात गेला असाल तर तिथे तो हजारच्या आसपास, म्हणजे तुमच्या शरीराने एका दिवसात जो फरक सोसला तो कुठल्याही पावसाळी ढगापेक्षा मोठा, आणि तुमच्या फाइलमध्ये तर पुण्याचाच आकडा बसलाय. बाहेरगावचे दिवस वेगळे काढा.

ढगाळ हवेने दुखत नसेलच असं मी म्हणत नाहीये, खूप जणांना होतं. पण हा ग्राफ ते दाखवत नाही.

तिरफळ

मी कोडवाली नाही, डॉक्टरही नाही, पण वीस वर्षं मायग्रेन घेऊन जगतेय म्हणून लिहिते. रानजाई, तुझ्याकडे एवढा डेटा आहे आणि त्यात सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टींचं तू नावच काढलं नाहीस गं.

पहिली गोळ्या. हवा, चॉकलेट, झोप हे नंतर, आधी दर महिन्यात गोळी घेतलेले दिवस किती ते काढ. गोळ्या नाही, दिवस मोजायचे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (खास मायग्रेनची औषधं) किंवा मिश्र औषधांच्या (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, डॉक्टर त्याला औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी म्हणतात. मला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझी काही वर्षं वाचली असती, म्हणून इतकं ठासून सांगतेय. आकडा काहीही आला तरी गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांना दाखव, ते ठरवतील.

दुसरी पाळी. फोनमध्ये नोंद ठेवत असशील तर त्याच एक्स्पोर्टमध्ये ती असते. पाळीच्या पहिल्या दिवसाच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत, या खिडकीत दुखणं पडतंय का बघ. तीनपैकी निदान दोन पाळ्यांत पडत असेल तर न्यूरोलॉजिस्टना ते सांगायलाच हवं, कारण त्यावरची ट्रीटमेंट वेगळी आखता येते. इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं त्याने होतं ते.

आणि कारण शोधताना एक लक्षात ठेव, दुखण्याच्या आदल्या दिवशी, कधी दोन दिवस आधीपासून, जांभया येणं, गोड खावंसं वाटणं, मान आखडणं, उजेड नकोसा होणं हे सगळं अटॅक आधीच सुरू झाल्याचं लक्षण असू शकतं. मग आपण म्हणतो चॉकलेट खाल्लं म्हणून दुखलं. पावलांचंही तसंच, त्या दिवशी पावलं कमी असतात ती तू अंथरुणात असतेस म्हणून.

रानजाई

खूप खूप आभार सगळ्यांचे, विशेषतः तिरफळताई.

२०२एफ काढल्यावर सगळ्या ओळी आल्या. ओवा, न दुखलेल्या दिवसांचा ग्राफ काढला, अगदी तसाच उतार आहे. चोवीस तासांचा फरक घेतल्यावर दुखलेले आणि न दुखलेले दिवस एकमेकांत मिसळून गेलेत, वेगळं काहीच दिसत नाही. जूनमध्ये थोडंसं वाटतंय पण तेवढ्यावर बोलण्यात अर्थ नाही.

गोळ्यांचे दिवस काढले. काही महिन्यांत दहाच्या वर आहेत, आणि गेले चार महिने सलग. माझी गोळी मिश्र औषधाची आहे. हे मला अजिबात माहीत नव्हतं. पाळीची खिडकी पण लावली, बहुतेक महिन्यांत त्यात एक तरी दुखणं आहेच, आणि तेच सगळ्यात जोराचं. डॉक्टरांकडे पहिलं पान हेच नेणार, दाबाचा ग्राफ नाही.

आता दोन छोटे प्रश्न. ज्या दिवशी मेसेज नाही तो दिवस बरा गेला असं धरू का? आणि मॅटप्लॉटलिबने (पायथनचं ग्राफ काढायचं पॅकेज) काढलेल्या ग्राफवर मराठी लिहिलं की नुसत्या चौकोनी खिडक्या येतात, नोटो देवनागरी फाँट दिला तर अक्षरं येतात पण पहिली वेलांटी भलत्या जागी आणि जोडाक्षरं सुटी.

खटपट्या

मेसेज नाही म्हणजे बरं होतं की लिहायचं राहिलं, हे मागचं आता कळायला मार्ग नाही, तो रकाना रिकामाच ठेवा, शून्य भरू नका. इथून पुढे रोज रात्री ९चा रिमाइंडर लावा आणि दुखलं नसेल तर नुसता "०" टाका.

तुमच्याकडचं मॅटप्लॉटलिब अक्षरं एकापुढे एक मांडतं, देवनागरीची जुळणी करत नाही, म्हणून फाँट बदलून भागत नाही. प्लॉटली किंवा अल्टेअर ही ग्राफची दुसरी पॅकेजं वापरा, त्यांचा ग्राफ ब्राउझरमध्ये उघडतो आणि ब्राउझरला मराठी जुळणी येते. तिथूनच पीडीएफ काढा.

गवतीचहा

एक राहिलं म्हणून लिहितो. ही हेल्थची झिप फाइल कुठल्याही ऑनलाइन कन्व्हर्टरवर किंवा चॅटबॉटवर चढवू नका, आणि मैत्रिणीच्या मशीनवर जी कॉपी राहिलीय ती आठवणीने काढून टाकायला सांगा. त्या एक्सएमएलमध्ये वरच तुमची जन्मतारीख, रक्तगट भरला असेल तर तो, असं असतं, आणि घड्याळावर चालण्याचा वर्कआउट लावत असाल तर वेगळ्या फोल्डरमध्ये जीपीएसचे रस्तेही असतात, ते थेट तुमच्या घरापाशी सुरू होतात. ऑफिसच्या लॅपटॉपवरही नको. एसक्यूलाइटची फाइल स्वतःच्या मशीनवर ठेवा, आणि इथे कोड दाखवायचा झाला तर चार खोट्या ओळी बनवून त्या टाका.

रानजाई

मैत्रिणीला आत्ताच फोन केला, तिने डिलीट केलं, रिसायकल बिनमधूनही. प्लॉटलीने मराठी नीट येतंय, "गोळी घेतलेले दिवस" असं शीर्षक देऊन महिन्यावार बार काढलेत, खाली पाळीच्या तारखा. प्रिंट काढते.