इम्प्लांटजवळची गाठ कापली, मग तुकडा कचऱ्यात का?

म्हापसेकार:
मावशीच्या खालच्या दाढेच्या इम्प्लांटला (जबड्याच्या हाडात स्क्रूने बसवलेल्या कृत्रिम दाताला) लागून हिरडीवर जांभळट गाठ आली. ब्रश लागला की रक्त. दवाखान्यात कापली आणि तुकडा थेट कचऱ्यात. चवथीआधी काढलेली गाठ दिवाळीला पुन्हा हजर! दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र या नव्या गाठीचा तुकडा लॅबला पाठवला. रिपोर्ट: पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा, म्हणजे हिरडीवर येणारी, मोठमोठ्या पेशी असलेली गाठ. कॅन्सर नव्हे, पण चिवट.

दातांवरचं कीटण किंवा खुपणारी कवळी, यांमुळे हिरडी चिडते आणि गाठ येते, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१८ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या संशोधनात जबड्याच्या जायंट सेल गाठींत केआरएएस, टीआरपीव्ही४, एफजीएफआर१ या जनुकांतले बदल दिसले. पुढे इम्प्लांटजवळच्या गाठींतही केआरएएसचा बदल सापडला. म्हणून माझं मत: इम्प्लांटजवळून कापलेलं काहीही लॅबला गेलंच पाहिजे, आणि जनुकाचं पेशंटला सांगितलंच पाहिजे.

बांबोळीचा बीडीएस:
पहिलं मान्य, दुसरं अजिबात नाही. 'म्युटेशन' शब्द कानावर पडला की पेशंट घरी जाऊन गूगल उघडतो, आणि केआरएएस म्हटल्यावर समोर येतो स्वादुपिंडाचा कॅन्सर, कारण त्यातही हेच जनुक बदललेलं असतं. मग रात्रभर झोप नाही. अहो, अंगावरच्या साध्या तिळांतही बहुतेकदा बीआरएएफ जनुकात बदल असतो. म्हणून कुणी तिळाला घाबरतं का? उपचार काय, तर गाठ मुळापासून काढा, खालचं हाड खरवडा, तरी परतली तर इम्प्लांटचा विचार करा. जनुक कळल्याने सुरीची जागा बदलत नाही.

मडगावची वाचक:
म्हणजे स्क्रू घातल्यामुळेच जनुकं बिघडतात ना? मी तर आता कवळीच घेणार.

बांबोळीचा बीडीएस:
ताई, जिथे इम्प्लांट नाही अशा गाठींतही हेच केआरएएस सापडतं. टायटॅनियमने जनुक बिघडवलं असं यातून सिद्ध होत नाही. आणि कवळी खुपली तर तिच्याखालीही अशी गाठ येऊ शकते!

म्हापसेकार:
सुरीची जागा नसेल बदलत, खोली बदलते. नुसती चिडलेली हिरडी असेल तर कीटण साफ करून भागेल. पण बदललेल्या पेशींची वाढ असेल तर मागे राहिलेल्या पेशी पुन्हा डोकं काढणारच. मावशीचं तेच झालं. हे तिला आधी सांगितलं असतं तर 'पुन्हा कशी आली' म्हणून ती स्वतःच्या ब्रशला दोष देत बसली नसती.

बांबोळीचा बीडीएस:
'परत येऊ शकते' एवढं सांगायला जनुक कशाला हवं? सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड पुरे. आणि स्लाइडही सगळं सांगत नाही. गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी) जास्त काम करत असेल तर हाडात ब्राउन ट्यूमर नावाची, कॅन्सर नसलेली गाठ होऊ शकते. सूक्ष्मदर्शकाखाली तो हुबेहूब मावशींच्या गाठीसारखाच दिसतो, आणि त्यातही केआरएएसचा बदल सापडलेला आहे. म्हणजे तुमची जनुकचाचणी इथे भेद करूच शकत नाही. तो करते रक्ताची तपासणी. मावशींचं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन कुणी पाहिलं का?

डिचोलीकार:
दोघेही शहरातले वाटता. आमच्याकडे पेशंट विचारतो, 'डॉक्टर, गाठ काढलीत ना, मग तपासणीचे पैसे वेगळे कशाला?' तिथे जनुक काढलंत तर तो पुन्हा फिरकणार नाही. फॉर्मॅलिनच्या बाटलीत तुकडा टाकून बांबोळीच्या डेंटल कॉलेजला धाडायला पटवलं, तरी जिंकलो म्हणायचं.

म्हापसेकार:
कॅल्शियमचं कुणीच काढलं नव्हतं, उद्याच सांगतो. पण डिचोलीकार, पैसे वेगळे का हे पेशंटला समजवायचं काम डॉक्टरचंच ना? ते जमत नाही म्हणून तुकडा कचऱ्यात, हे मला पटत नाही. आणि जनुकाबद्दल सांगण्याचा मुद्दाही मी सोडलेला नाही.