निवडणूक अपिलात राहून गेलेला उमेदवार जोडता येतो का?

प्रश्न: मुंबई हायकोर्टाच्या पर्वरीच्या (गोवा) खंडपीठाने विधानसभेची निवडणूक याचिका फेटाळली. सुप्रीम कोर्टातल्या अपिलात एक उमेदवार प्रतिवादी म्हणून घालायचा राहिला. आता जोडता येईल?

उत्तर १: आधी मूळ याचिकेचं शीर्षक (जिथे पक्षकारांची नावं असतात) काढून बघा. तिथे त्याचं नाव होतं आणि फक्त अपिलात सुटलं, तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अपिलाची मुदत ३० दिवस. ती उलटली असेल तर उशिराचं कारणही नीट मांडा.

उत्तर २: याचिकेतच नव्हता, तर अवघड. याचिकाकर्त्याने स्वतःला विजयी घोषित करा म्हटलं की लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८२ प्रमाणे सगळे लढलेले उमेदवार प्रतिवादी हवेतच. एखाद्या उमेदवारावर निवडणुकीतल्या भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर तो अर्ज मागे घेतलेला असला तरी हवा! नसल्यास कलम ८६ खाली याचिकाच फेटाळतात. ते भोक अपिलात बुजत नाही.

उत्तर ३: निर्वाचन अधिकाऱ्याला मात्र प्रतिवादी म्हणून उगाच ओढू नका. सुप्रीम कोर्टाच्या ज्योती बसू निकालाने (१९८२) ती वाट बंद केलीय.