मदत हवी आहे: पुण्यात डिजिटल मीडियातल्या पगाराचा भरवशाचा अंदाज कुठून घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका मराठी वृत्त-पोर्टलच्या डेस्कवर काम करते. बातम्या लावणं, मथळे, एसईओ, सोशल मीडियाच्या पोस्ट, निवडणूक आली की लाइव्ह अपडेट्स, सगळंच. आता नोकरी बदलायची आहे. दोन ठिकाणी बोलणी पुढे सरकली आहेत. एक बाणेरमधली डिजिटल मार्केटिंग एजन्सी, दुसरी खराडीतली सॉफ्टवेअर कंपनी. त्यांना अ‍ॅपसाठी मराठी कंटेंटची टीम उभी करायची आहे. दोन्हीकडच्या एचआरनं पहिल्याच फोनवर विचारलं, "एक्स्पेक्टेड किती?" या जागेचं बजेट काय आहे असं मी विचारलं, तर उत्तर आलं, "तुम्ही आकडा सांगा, मग मी मॅनेजरशी बोलते." कमी सांगितला तर पुढची सगळी हाइक त्याच आकड्यावर मोजली जाणार, जास्त सांगितला तर परत फोनच यायचा नाही.

अ‍ॅम्बिशनबॉक्स, ग्लासडोअर, लिंक्डइन, पगार दाखवणाऱ्या सगळ्या साइट पालथ्या घातल्या. 'कंटेंट रायटर, पुणे' असं टाकलं की किमान आणि कमाल पगारात इतकं अंतर दिसतं की त्यातून काहीच हाती लागत नाही. हिंजवडीत बसून इंग्रजीत प्रॉडक्टची माहिती लिहिणारा, एजन्सीत क्लायंटच्या इन्स्टाग्राम पोस्ट लिहिणारी आणि रात्रपाळीत बातम्या लावणारा उपसंपादक, तिघेही तिथे 'कंटेंट रायटर'च. कोण कुठल्या भाषेत लिहितं ते कळत नाही. आयटी कंपन्यांच्या नोंदी ढिगानं आहेत, पण मी पाहिलेल्या मराठी पोर्टलांच्या पानांवर त्या मोजक्याच, आणि त्यातला पगार हातात येणारा की सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. नोकरी डॉट कॉमवरच्या जाहिरातींत बहुतेक वेळा पगाराच्या जागी 'नॉट डिस्क्लोज्ड'.

ओळखीतून विचारावं तर रानडे इन्स्टिट्यूटमधल्या आमच्या पत्रकारितेच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जागा निघाल्याचे मेसेज सतत येतात, पण "किती देतात?" विचारलं की कुणी बोलत नाही. पगार विचारू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण या संकोचाचा फायदा फक्त पगार देणाऱ्यालाच होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

छापील वृत्तपत्रांत निदान सरकारनं नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाचा पगाराचा तक्ता होता. ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचना निघाली, ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. अंमलबजावणीची रड कायमची होती, पण उपसंपादकाची श्रेणी कोणती हे कागदावर बोट ठेवून दाखवता यायचं. तो तक्ता वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता होता. आम्हा पोर्टलवाल्यांना दाखवायला तसा कागद नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावं: आकडा ठरवताना तुम्ही कशाचा आधार घेतलात? आणि या क्षेत्रातले असाल तर आपला पगार सांगताना अनुभव, भाषा, पाळी आणि रोलवर (कंपनीच्या पगारपटावर) की कन्सल्टंट (करारावर), एवढं सोबत लिहा. त्याशिवाय नुसता आकडा मला उपयोगी पडणार नाही. जाहीर लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल. कंपनीचं नाव नको.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं एका मीडिया कंपनीच्या अकाउंट्समध्ये होतो, म्हणून आधी सीटीसीबद्दल सांगतो. पगाराच्या साइटवर 'सहा लाख' दिसले की लोक बारानं भागून पन्नास हजार धरतात. समजा बेसिक (मूळ पगार) निम्मं, म्हणजे महिना २५,०००. कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी ३,०००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, साधारण १,२००. वर्षाचं व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) ६०,००० धरा. हे सगळं सहा लाखांतच मोजलेलं असतं. उरले महिना सुमारे ४०,८००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात साडेसदतीस हजारांच्या आसपास. कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असेल तर दोन्ही बाजूंनी १,८०० च, म्हणजे हातात थोडे जास्त येतील.

तेच सहा लाख कन्सल्टंट म्हणून घेतले तर दहा टक्के टीडीएस कापून महिना ४५,००० येतात, आणि कर लागत नसेल तर रिटर्न भरल्यावर कापलेलेही परत मिळतात. ऐकायला छान वाटतं. पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा करारात लिहिली असेल तरच. साइटवर दोघंही 'सहा लाख'च भरतात. त्यामुळे एचआरला आकडा सांगताना "व्हेरिएबल सोडून, महिना हातात इतके" असाच सांगा, आणि सॅलरी ब्रेकअप मेलवर मागा.

दुसरं, शेअर बाजारात नोंदलेल्या मीडिया कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. कंपनी कायद्याच्या कलम १९७(१२) खाली त्यांना संचालकाचा पगार कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे हे छापावं लागतं. मध्यक म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. संचालकाचा पगारही कळतोच, भागाकार केला की मध्यक निघतो. त्यात छपाई, वितरण, जाहिरात सगळे मिसळलेले असतात, म्हणून डेस्कचा पगार म्हणून तो धरू नका. मात्र मध्यक पगार वर्षात किती टक्के वाढला हेही तिथेच असतं, आणि हाइकची घासाघीस करताना ते कामी येतं.

प्रसार भारती आणि बेसिल (केंद्र सरकारची कंपनी) यांच्या कंत्राटी जागांच्या जाहिरातीही बघत जा. कंटेंट, सोशल मीडिया, व्हिडिओ एडिटिंगच्या जागा निघतात आणि मासिक मानधन जाहिरातीतच लिहिलेलं असतं.

प्रतिसाद

एजन्सीत पाच वर्षं काढली आहेत, म्हणून बाणेरबद्दल एक सांगते. पगाराआधी विचारा की एका माणसाकडे किती क्लायंट असतात आणि रविवारी पोस्ट कोण टाकतं. रील शूट करायला, थंबनेल बनवायलाही तुम्हीच असाल तर ते दोन माणसांचं काम आहे, त्याचा दर वेगळा. माझा आकडा व्यनि केला आहे, तुम्ही सांगितलेल्या सगळ्या तपशिलांसकट.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. सॅलरी ब्रेकअपचा मेल आत्ताच दोन्हीकडे टाकला. खराडीच्या एचआरकडून कळलं की पहिलं वर्ष कन्सल्टंट म्हणूनच घेतील, रोलवरचं नंतर बघू. सॉफ्टवेअर कंपनीत मराठी कंटेंटवर असं कुणी रुजू झालं आहे का? वर्षानंतर खरंच रोलवर घेतलं का, आणि घेताना पीएफ त्याच आकड्यात बसवला की वरून दिला? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.