फोर-के मॉनिटर म्हणजे डोळ्यांची चैन की खिशाला भोक?

भांडुपचा_भाऊ

मंडळी, जरा रागातच लिहितोय.

आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं. लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर एक्सेल बघून मान धरली, म्हणून गेल्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. साधा २४ इंची फुल एचडी घ्यायचा, आठ-नऊ हजारांत विषय संपवायचा, असं ठरवून गेलो होतो. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, आता फुल एचडी कोण घेतं?" आणि त्याने २७ इंची फोर-केवर पोपटांचा व्हिडिओ लावला. पिसन् पीस दिसत होतं. भुललो. २६ हजार मोजले. खोकं एवढं मोठं की ग्रँट रोडला मालडब्यात चढायची हिंमत झाली नाही, टॅक्सीचे पैसे वेगळे गेले.

घरी जोडला तर अक्षरं मुंगीएवढी. भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन २०० टक्के केलं. मग अक्षरं नीट दिसायला लागली, पण एक्सेलचे रकाने मोजले तर साध्या फुल एचडीवर मावतात तेवढेच! वर माउसचा बाण ओढल्यासारखा अडखळत चालतो. मग ८३ लाख पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे ठिपके, घेऊन मी केलं काय? फुल एचडीत २०-२१ लाख असतात, म्हणजे चौपट पिक्सेल, तिप्पट पैसे आणि काम तेवढंच.

माझं मत: घरच्या वापराला फोर-के ही शुद्ध फसवणूक आहे. कोणाला वेगळं वाटत असेल तर पोपट सोडून दुसरं उदाहरण द्या.

चाळीतला_गेमर

काका, फोर-के कशाला घेतला 😄 १४४० घ्यायचा होता, फुल एचडी आणि फोर-केच्या मधला. तोही १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा. दहा हजार वाचले असते.

लोकल_८_४७

भाऊंना पूर्ण पाठिंबा. मी दिवसभर कोड लिहितो. मला विचाराल तर एका २६ हजारांच्या मॉनिटरपेक्षा नऊ-नऊ हजारांचे दोन २४ इंची कधीही भारी. एकावर कोड, दुसऱ्यावर चालू प्रोग्रॅम. वर आठ हजार उरतात, त्यात बरी खुर्ची येते. अक्षराच्या कडा किती गुळगुळीत आहेत याने माझा एकही बग कमी झालेला नाही.

शिरोरेषा

भाऊ, पोपट नको म्हणालात ना? मग 'सर्वांनी' हा शब्द घ्या.

मी मुद्रितशोधन करते. गिरगावात अक्षरजुळणीवाल्याकडून पानं पीडीएफमध्ये येतात आणि जुलैपासून दिवाळी अंकांचा रतीब सुरू होतो तो थेट घटस्थापनेपर्यंत. 'सर्वांनी'मध्ये 'वा'च्या डोक्यावर रफार आहे आणि त्याच्या कुशीत अनुस्वार आहे. १२ पॉइंटचं अक्षर मूळ आकारात फुल एचडीवर बघितलं तर सगळं अक्षर साधारण १६ पिक्सेल उंचीच्या चौकटीत बसवावं लागतं. त्यात वेलांटी, शिरोरेषा, खालचा उकार, सगळ्यांनी वाटणी करायची. रफार आणि अनुस्वार यांच्या वाट्याला मिळून दोन-तीन पिक्सेल येतात. मग तिथे एक करडा ठिपका दिसतो. तो 'सर्वांनी' आहे की 'सर्वानी', हे डोळा सांगत नाही, सवय सांगते. आणि सवय नेहमी बरोबरच शब्द वाचते. चूक तिथेच निसटते.

घ आणि ध, भ आणि म यांचंही तेच. फरक काय, तर शिरोरेषा कुठे तुटते. ती फट एका पिक्सेलची असेल आणि स्क्रीनने ती अर्धी करडी करून टाकली, तर 'भरणे'चं 'मरणे' व्हायला वेळ लागत नाही. एका श्रद्धांजलीच्या पानावर अशी एक चूक माझ्या हातून छापून गेली आहे. कोणती ते सांगणार नाही.

इंग्रजीला हे सगळं परवडतं, ए पासून झेडपर्यंत डोक्यावर फारसं ओझं नाही.



दोन वर्षांपूर्वी २७ इंची फोर-के घेतला. पूर्वी प्रत्येक पान १५० टक्क्यांवर मोठं करून, खालीवर सरकवत वाचायचे. आता अख्खं पान समोर असतं. पैसे एका हंगामात सुटले.

लोकल_८_४७

पटलं, पण हे तुमच्या धंद्याचं झालं ना. सोनाराला भिंग लागतं म्हणून प्रत्येकाने भिंग घ्यायचं का?

शिरोरेषा

नाही. पण दिवसाचे आठ तास मराठी वाचणारा माणूस सोनारच आहे.

टेप_घेऊन_मोजा

दोन्ही बाजू पिक्सेल मोजतायत, अंतर कोणीच मोजत नाहीये. थोडं लांब लिहितो, पण गणित शाळेतलंच आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ६/६ म्हणतात ती दृष्टी म्हणजे साधारण एका अंशाच्या ६०व्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखणं. म्हणजे स्क्रीनपासून ६० सेंटीमीटरवर बसलात तर ०.१७ मिलिमीटरपेक्षा मोठा ठिपका डोळ्याला सुटा दिसू शकतो. आता स्क्रीनवरचे ठिपके बघा. २४ इंची फुल एचडीचा एक पिक्सेल ०.२८ मिलिमीटर. २७ इंची १४४०चा ०.२३. २७ इंची फोर-केचा ०.१५ ते ०.१६. उलटं मांडायचं तर २४ इंची फुल एचडीचे ठिपके दिसेनासे व्हायला ९५ सेंटीमीटर लांब बसावं लागतं, १४४०ला ८० आणि फोर-केला ५३-५४.

आता मला सांगा, मुंबईत ९५ सेंटीमीटर लांब बसायला जागा कोणाकडे आहे? आमच्याकडे भिंतीला घडीचं टेबल आहे, खोली ४५ सेंटीमीटर. त्यातले वीसेक स्टँड खातो. मोठ्या केबिनमध्ये ऐसपैस टेबलामागे बसणाऱ्या साहेबाला फुल एचडी चालून जातं, त्याचा चेहरा स्क्रीनपासून मीटरभर लांब असतो. वन रूम किचनमध्ये काम करणाऱ्याचं नाक स्क्रीनला लागलेलं असतं. खरं तर फोर-केची गरज त्याला जास्त. महागडी वस्तू मोठ्या घरासाठी असते, ही समजूत इथे उलटी पडते.

आणि लोक करतात काय? हॉलमध्ये आठ फुटांवरून बघायला ४३ इंची फोर-के टीव्ही घेतात. त्या आकाराच्या फुल एचडी टीव्हीचे ठिपके साडेपाच-सहा फुटांपलीकडे तसेही दिसत नाहीत. जिथे उपयोग कमी तिथे पैसे घालायचे आणि जिथे दिवस जातो तिथे काटकसर.

भाऊ, डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत टेप लावा आणि आकडा सांगा. आणि २०० टक्के कशाला ठेवलंत? फोर-केवर २०० केलं की जागा बरोबर फुल एचडीएवढीच उरते, हे गणितच आहे. १५० करा. म्हणजे २५६० बाय १४४० एवढं मैदान मिळेल, रकाने वाढतील आणि अक्षरंही रेखीव राहतील.

चष्मा_कुठे_ठेवला

वय वर्षे ६३, बँकेतून निवृत्त. टेपवाल्यांचं गणित बिनचूक आहे, पण त्यांनी डोळे पंचविशीतले धरलेत.

चाळिशी लागली की जवळचं अंधुक होतं. वाचायचा चष्मा ४० सेंटीमीटरसाठी, लांबचा लांबसाठी, आणि स्क्रीन बसते नेमकी मधल्या पट्ट्यात. प्रोग्रेसिव्ह काचेतून (एकाच काचेत जवळचा आणि लांबचा नंबर) ती बघायला हनुवटी वर करावी लागते, मग मान धरते, मग माणूस म्हणतो मॉनिटर बदलू. मीही बदलणार होतो. डोळ्यांच्या बाईंनी विचारलं, "स्क्रीन किती लांब असते?" मी मोजून ६० सांगितलं. त्यांनी तेवढ्याच अंतराचा वेगळा चष्मा दिला. जुनाच मॉनिटर नवा वाटायला लागला. मॉनिटरच्या किमतीच्या मानाने खर्च किरकोळ.

भाऊंची मान धरली होती असं त्यांनी तिसऱ्याच वाक्यात लिहिलंय. वय कळेल का?

जाता जाता, फोर-के ही काही आजची नवलाई नाही. आयबीएमने २००१ साली २२ इंची मॉनिटर काढला होता, ३८४० बाय २४०० चा. किंमत हजारो डॉलर्सच्या घरात आणि पूर्ण वेगाने चालवायचा तर एका केबलीत भागत नसे. सामान्य ग्राहकापर्यंत तो आलाच नाही. किंमत हे एक कारण, पण त्या काळच्या विंडोजवर सगळी बटणं बारीक व्हायची हे दुसरं. आज भाऊंची तक्रारही तीच आहे. चोवीस-पंचवीस वर्षांत एवढीच प्रगती!

आरामनगरचा_एडिटर

सगळ्यांना वाटतं आम्ही व्हिडिओवाले फोर-केच्या बाजूने बोलणार. मी विरोधात आहे.

काम चालतं ते हलक्या प्रतीवर. मूळ फुटेज फोर-के असलं तरी कापताना कमी रेझोल्यूशनची नक्कल वापरतो, नाहीतर मशीन गुडघे टेकतं. थिएटरातल्या कित्येक प्रोजेक्टरची रुंदी आजही २०४८ पिक्सेल आहे. आणि क्लायंट? तो मालाड ते चर्चगेट फास्ट लोकलमध्ये लटकून फोनवर बघतो आणि "ओके" पाठवतो. मला पिक्सेल नकोत, मला खरा रंग हवा. पोपटाचा हिरवा माझ्याकडे एक आणि ग्रेडिंगवाल्याकडे, म्हणजे शेवटचे रंग ठरवणाऱ्याकडे, दुसरा दिसला तर भांडण होतं. पिसं मोजता आली नाहीत म्हणून अजून कोणी भांडलेलं नाही. तेच पैसे रंग अचूक दाखवणाऱ्या १४४०वर घाला.

एट-केबद्दल तर बोलूच नका. डेलने २०१७ साली ३२ इंची काढला होता, त्याला डिस्प्लेपोर्टच्या दोन केबली लावाव्या लागायच्या. सव्वातीन कोटींच्या वर पिक्सेल. बघणार काय त्यावर, स्वतःच्या चुका?

शिरोरेषा

हलणाऱ्या चित्राचं तुमचं खरं आहे, चित्र हललं की डोळा बारकावे सोडून देतो. अक्षर मात्र जागचं हलत नाही. डोळा त्याच्यावर थांबतो, मागे येतो, परत वाचतो. म्हणून तर म्हणते, फोर-के व्हिडिओवाल्यांना विकतात आणि उपयोग वाचणाऱ्यांना होतो.

एक तोटा मी प्रामाणिकपणे सांगते. आमच्या जुळणीवाल्या काकांकडे अजून पेजमेकर आहे, २००१ची आवृत्ती, त्यानंतर नवी आलीच नाही. त्यांनी माझं बघून फोर-के लावला तर पेजमेकरच्या खिडक्या एक तर टाचणीच्या डोक्याएवढ्या, नाहीतर ओल्या कागदावर छापल्यासारख्या पुसट. जुन्या सॉफ्टवेअरला स्केलिंग, म्हणजे अक्षरं-बटणं टक्क्यांनी मोठी करणं, ठाऊकच नाही. काकांनी चार दिवसांत तो मॉनिटर मुलाला देऊन टाकला.

चाळीतला_गेमर

माझं कोणी ऐकेल का? फोर-केवर गेम चालवायचा तर ग्राफिक्स कार्डाला १४४०च्या सव्वादोन पट पिक्सेल रंगवावे लागतात. कार्ड मॉनिटरपेक्षा महाग पडतं. काका, तुमचा बाण अडखळतो ना, तो ३० हर्ट्झवर चालतोय. पैज.

टेप_घेऊन_मोजा

गेमर बरोबर बोलतोय. फोर-के ६० हर्ट्झवर चालवायला सेकंदाला साधारण १२ गिगाबिट माहिती लागते. जुन्या एचडीएमआय १.४ मधून एवढी जातच नाही, म्हणून तो ३० वर उतरतो. २.० लागतं, केबलीलाही आणि लॅपटॉपच्या भोकालाही. लॅपटॉप जुना असेल तर टाइप-सीमधून बाहेर काढून बघा, पण त्या भोकातून चित्र निघतं का ते आधी तपासा. सगळ्यांतून निघत नाही.

लोकल_८_४७

म्हणजे मॉनिटर २६ हजार, मग केबल, मग जमलं नाही तर लॅपटॉप, मग चष्मा. माझ्या दोन नऊ हजारांच्या स्क्रीन आज सकाळी वायर खुपसल्याबरोबर चालू झाल्या. एवढंच नोंदवतो.

भांडुपचा_भाऊ

सगळ्यांचे आभार. एकेक उत्तर देतो.

वय ४७. चष्मा सहा वर्षांपूर्वीचा. हो, कळलं.

केबल बदलली. जुनी सेटटॉप बॉक्सबरोबर आलेली होती, तीच खुपसली होती. नवी लावल्यावर सेटिंगमध्ये ६० दिसतंय आणि बाण सुतासारखा सरळ चालतो. गेमर, पैज जिंकलास, भांडुपला आलास की वडापाव.

१५० टक्के केलं. एक्सेलमध्ये सहा रकाने जास्त आले. हे दुकानातल्या पोराने सांगितलं असतं तर पोपट दाखवावे लागले नसते.

शिरोरेषाताई, लॅपटॉपवर आणि मॉनिटरवर शेजारीशेजारी 'सर्वांनी' लिहून बघितलं, १२ पॉइंटात. लॅपटॉपवर डाग दिसतो, मॉनिटरवर कोयरीत टिकली ठेवल्यासारखा अनुस्वार सुटा दिसतो. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण तू ऑफिसात 'सर्वांनी' कधी लिहितोस? सगळं तर इंग्रजीत असतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, त्यामुळे फसवणूक हा शब्द मागे घेतो, महागडा हा शब्द ठेवतो.

आता टेपचं. डोळ्यापासून स्क्रीन ४८ सेंटीमीटर.

टेप_घेऊन_मोजा

मग फोर-के वायफळ नाही गेला. पण २७ इंचाला ४८ फार जवळ आहे, दोन्ही कोपरे बघायला मान फिरवावी लागत असेल. दहा-बारा सेंटीमीटर मागे बसा. नाहीतर २४ इंचीत फोर-के शोधायला हवा होतात, फार कमी मिळतात पण मिळतात.

भांडुपचा_भाऊ

खुर्ची बारा सेंटीमीटर मागे घेतली की फ्रिजचं दार उघडत नाही.

शिरोरेषा

मग स्टँड काढून टाका. मॉनिटर भिंतीलाच टांगा, वीस सेंटीमीटर तिथेच सुटतील.

भांडुपचा_भाऊ

भाड्याची जागा आहे ताई. मालक कॅलेंडरला खिळा ठोकू देत नाहीत.

चाळीतला_गेमर

टेबलाला चिमट्यासारखा आवळायचा आर्म मिळतो काका, दीड-दोन हजारांत. खिळा लागत नाही.

भांडुपचा_भाऊ

टेबल भिंतीला चिकटून आहे. चिमटा मागे जाईल एवढी फट नाही. उद्या रंधा मारणारा सुतार कोणाच्या ओळखीत असेल तर सांगा.