सुखोईत दोन माणसं असतात, मग जोडीला दुसरं विमान कशाला?

वर एका भाऊंनी विचारलंय की सुखोईत मागे दुसरा माणूस असतोच, मग जोडीला आणखी एक विमान उडवून इंधन का जाळायचं? अहो भो, तो माणूसही त्याच विमानात बसलाय ना! मागून येणारा त्याला दिसेल, पण त्याच्यावर तुटून कोण पडणार? आमच्या रावेरला केळीचा ट्रक मागे घेताना क्लीनर खाली उतरतो, केबिनमधून ओरडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, 1940 मध्ये, ब्रिटिश वैमानिक तीन-तीन विमानांच्या बाणासारख्या रचनेत उडायचे. बाजूच्या दोघांचं अर्धं लक्ष पुढच्याला धडकू नये यातच, शेपटीमागे बघायला फुरसत कुणाला? जर्मनांनी स्पेनच्या यादवी युद्धातच जोडी पक्की केली होती, मध्ये साधारण 200 मीटर अंतर ठेवून.

मला मात्र भारी वाटतो तो अमेरिकन नौदलाचा जॉन थॅच. जपानी झीरो हे लढाऊ विमान त्याच्या वाइल्डकॅट विमानापेक्षा चपळ. पठ्ठ्याने घरी टेबलावर काडेपेटीच्या काड्या मांडून डाव शोधला: शत्रू मागे लागला की दोघांनी एकमेकांकडे वळायचं. पाठलाग करणारा आपसूक दुसऱ्याच्या बंदुकांसमोर! 1942 ला मिडवेच्या लढाईत त्याने तो वापरलाही. एकट्याला हा डाव खेळताच येत नाही. आता रडार-मिसाइलमुळे जोडीतलं अंतर किलोमीटरमध्ये गेलंय, एवढंच.