मदत हवी आहे: सिकलसेलच्या कामासाठी अनुदानाचा अर्ज, आरोग्यसखींचं मानधन कसं मांडायचं?

नमस्कार. धडगाव तालुक्यात (जि. नंदुरबार) सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करणारी आमची छोटी संस्था आहे. एका धर्मादाय प्रतिष्ठानाने सामुदायिक आरोग्यासाठी अर्ज मागवलेत, मुदत महिनाअखेरपर्यंत. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, बारा-ए आणि ऐंशी-जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), दर्पण क्रमांक (संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा), तीन वर्षांचे ताळेबंद, सगळं तयार आहे. गाडी अडलीय ती अंदाजपत्रकावर.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका देणगीदाराने आमचा अर्ज परत केला. पगारावर फार खर्च दाखवलाय, त्यापेक्षा तपासणी शिबिरं वाढवा किंवा यंत्र मागा, असं कळवलं. पण आमच्याकडे तपासणी हाच त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते, आणि जुलै २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत सरकारी यंत्रणाही तपासणी करतेय. अडचण पुढे आहे. या चाचणीतून माणूस वाहक (स्वतःला आजार नाही, पण मुलाकडे जाऊ शकतो असा) आहे की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते, नमुना बाहेर जातो, आणि अहवाल येईपर्यंत घरातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत निघून गेलेली असतात. तो कागद घेऊन पाडा चढायचा. नवराबायको दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे त्यांच्या बोलीत सांगायचं, आणि सासरच्यांनी सुनेलाच बोल लावू नये म्हणून पुन्हा पुन्हा जायचं. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध चालू असलेल्या मुलाचं रक्त ठरल्या वेळी तपासून आणायचं. हे सगळं आमच्या पाच आरोग्यसखी करतात. त्यांचं मानधन आणि प्रवासखर्च कमी केला तर शिबिरं होतील, पण रुग्णाकडे परत जाणारं कुणी उरणार नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मानधन कोणत्या शीर्षाखाली दाखवावं? "अपेक्षित परिणाम" या रकान्यात काय लिहावं? (तपासणी वाढली की रुग्णांचा आकडा वाढतो, त्यामुळे आजारच वाढला असं दिसतं.) आणि दर तिमाहीचं उद्दिष्ट मागितलंय, पण दिवाळीनंतर होळीपर्यंत पाडे निम्मे रिकामे असतात, ते कसं सांगावं? ज्यांनी असे अर्ज लिहिलेत किंवा तपासलेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

मी काही वर्षं अशा अर्जांची छाननी केली आहे. "पगार" हे शीर्ष आधी काढून टाका. कार्यालयातला हिशेबनीस प्रशासकीय खर्चात येईल, आरोग्यसखी मात्र थेट कार्यक्रमखर्चात. तिच्या कामाची फोड करून दाखवा: महिन्याला किती गृहभेटी, किती रुग्ण रक्ततपासणीला सोबत नेले, एका भेटीला चालणं धरून किती वेळ लागतो. तपासणाऱ्याला भेटीचा खर्च दिसला पाहिजे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने गावातल्याच आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बालसेवा करून दाखवली आणि त्याचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या कामात माणूस हाच उपचाराचा भाग होता, तसाच तुमच्याकडे आहे. हे एका परिच्छेदात नक्की लिहा.

परिणामात रुग्णसंख्या देऊच नका. प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांची पक्की तपासणी होऊन अहवाल घरी पोचला, आणि औषध चालू असलेल्यांपैकी किती जणांची मागच्या तीन महिन्यांत रक्ततपासणी झाली, हे दोन आकडे पुरेत. आजचे आकडे कितीही कमी असोत, खरे द्या. पुढची सगळी तुलना त्यांच्याशीच होणार आहे.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र जोडा. चाचणी आणि औषध सरकारकडून येतं, आम्ही पाठपुरावा करतो, एवढंच त्यात असू द्या. नाहीतर "हे तर सरकार करतंच" असा शेरा हमखास येतो.

प्रतिसाद २

तिमाहीचं उद्दिष्ट समान वाटून देऊ नका. स्थलांतराचं वेळापत्रक अर्जातच मांडा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च हे आकडे कमी ठेवा. होळीला लोक गावी येतात, तो आठवडा पाठपुराव्यासाठी राखून ठेवल्याचं लिहा. आम्ही अक्कलकुव्याकडे तसं करतो. शिवाय, पुढे कंपन्यांच्या सीएसआरकडे (सामाजिक जबाबदारी निधीकडे) गेलात तर तिथल्या ५ टक्के प्रशासकीय खर्चाच्या मर्यादेने घाबरू नका. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाला आहे, प्रकल्प राबवायच्या थेट खर्चाला नाही. सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी) मात्र आधी करून घ्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गृहभेटींच्या वह्या आहेत, पण प्रत्येक सखीची नोंद वेगळ्या पद्धतीची आहे. उद्या पाचही जणींना बसवून गेल्या सहा महिन्यांच्या भेटी मोजतो. एक विचारायचं राहिलं: ज्यांचा अहवाल आला पण माणूस सापडला नाही, त्यांना "अहवाल न पोचलेले" यात धरायचं की वेगळं दाखवायचं?

प्रतिसाद १

न पोचलेल्यांतच धरा, आणि त्यातले किती स्थलांतरित होते ते खाली एका ओळीत लिहा.