वाइन ‘तिखट’ असते का? : थंड हवामानातल्या सिराहचे शब्द

प्रश्न : सिराह हे रेड वाइनचं द्राक्ष, आणि त्याच्या वाइनलाही तेच नाव. थंड हवामानातल्या सिराहच्या वर्णनात ‘पेपरी’ (peppery) आणि ‘सेव्हरी’ (savoury) हे दोन इंग्रजी शब्द हटकून येतात. पहिल्याला ‘तिखट’ आणि दुसऱ्याला ‘खमंग’ चालेल का?

प्रतिसाद १ : ‘तिखट’ नको. तिखट जिभेला झोंबतं. मिरीत ते काम पायपरीन करतं आणि द्राक्षात पायपरीन नसतं. सिराहमध्ये असतो तो मिरीचा नुसता वास, आणि तो येतो रोटंडोन या द्रव्यातून. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली शिराझमधल्या (हे सिराहचंच तिथलं नाव) आणि मिरीतल्या वासाचं मूळ हेच असल्याचं दाखवलं. रेड वाइनमध्ये लिटरला १६ नॅनोग्रॅम असलं तरी ते जाणवतं. त्याच चाचण्यांत साधारण पाचातल्या एकाला मात्र भरपूर मात्रेतही हा वास आला नाही. तेव्हा एकाला मिरी सापडली आणि दुसऱ्याला नाही, तर दोघांचंही खरं असू शकतं. साधं ‘काळ्या मिरीचा वास’ लिहा.

प्रतिसाद २ : यात हवामानाचा संबंधही सांगायला हवा. रोटंडोन द्राक्षाच्या सालीत, पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात साठतं. सावलीतल्या घडांत आणि थंड वर्षी ते जास्त मिळतं. घड २५ अंशांच्या वर तापत राहिले की कमी होतं. घडांभोवतीची पानं फार काढली तर मिरी हरवते ती यामुळेच. पण ‘थंड सिराह’ असं लिहू नका, वाचणारा बाटली फ्रिजमध्ये ठेवेल. ही वाइन १५ ते १७ अंशांना द्यावी. त्याहून गार केली की वास दबतो आणि तुरटपणा पुढे येतो. शिवाय ‘थंड’ म्हणजे बिनउन्हाचं नव्हे. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातल्या, सिराहसाठी प्रसिद्ध ‘कोत-रोती’ या भागाच्या नावाचा अर्थच ‘भाजलेला उतार’ असा आहे.

प्रतिसाद १ : ‘खमंग’ही नको. त्यात भाजल्या-तळल्याचा वास आहे, तो फार तर वाइन मुरवायच्या, आतून भाजलेल्या ओक पिंपाला शोभेल. ‘सेव्हरी’ला एकच मराठी शब्द शोधत बसण्यापेक्षा काय जाणवलं ते लिहावं : काळं ऑलिव्ह, धुरावलेलं मांस, व्हायोलेटचं फूल. फारच हवं असेल तर ‘गोडाकडे न झुकणारी’.

प्रतिसाद ३ : ‘हिरवट’ आणि ‘तुरट’ यांतही गल्लत होते. तुरटपणा साल-बियांचा, तो हिरड्यांना धरतो. हिरवटपणा बहुधा देठांचा. काही जण घड देठासकट आंबवतात. देठ तपकिरी, लाकडासारखे झाले असतील तर वास खुलतो, हिरवे असतील तर कच्चट कडवटपणा उतरतो. देठांतल्या पोटॅशियममुळे आंबटपणाही थोडा कमी होतो, आणि थंड हवामानातल्या वाइनचा जीव तर आंबटपणातच असतो.

रबर किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर त्याला ‘मातीचा गंध’ म्हणू नका. आंबताना यीस्टला नायट्रोजन कमी पडला किंवा पुढे हवा मिळाली नाही की सिराहमध्ये हा गंधकी वास चटकन धरतो. बनवणारे तेव्हा वाइन साक्यावरून काढून हवा देत दुसऱ्या टाकीत घेतात. टेबलावर रुंद जगमध्ये ओतून अर्धा तास थांबा. सौम्य असेल तर तो उडून जातो. घोड्याच्या खोगिराचा किंवा औषधी पट्टीचा वास बहुधा ब्रेटानोमायसिस यीस्टचा असतो, तो हवेने जात नाही.

प्रश्नकर्ता : मग असं लिहितो : ‘काळ्या मिरीचा ठळक वास, मागून काळं ऑलिव्ह; ताजा आंबटपणा, बारीक तुरटपणा.’ सिराह लिहू की शिराझ?

प्रतिसाद २ : बाटलीवर असेल ते. द्राक्ष एकच. इराणच्या शिराझ शहराशी त्याचं नातं नाही. १९९८ मधल्या डीएनए तपासणीत दुरेझा आणि मॉन्द्यूझ ब्लांश हे फ्रान्समधले आईबाप निघाले. ‘बारीक’ मात्र नेमकं करा. वाचणाऱ्याला ते ‘थोडा’ असं वाटेल. दळलेल्या पिठाचा पोत सांगायचा असेल तर ‘बारीक दळाचा तुरटपणा’ लिहा.